आठ ओळींचं कासव

रविवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. निपाणीत, आमच्या घरमालकीण चंपाबाई यांच्या न्हाणीघराच्या दारात, त्यांच्या कासवाची पाठ अंगठ्याखाली दबली. दबलेला भाग परत वर यायला दोनेक सेकंद लागले. अंगठा चंपाबाईंचा होता. साक्षीदार मी एकटा.

"रविराज, कासवाची पाठ दगडावानी असती न्हवं?" चंपाबाईंनी विचारलं.

"असते."

"मग ही मळल्याली कणीक का लागायलीया?"

बेळगावहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचा मी निपाणीचा वार्ताहर आहे. या कामाला सतरा वर्षं झाली. असल्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः कधीच देत नाही. जाणकारांना गाठतो आणि 'असे जाणकारांनी सांगितले' म्हणून मोकळा होतो. रविवारी सकाळी सात दहाला एकही जाणकार हाताशी नव्हता. चंपाबाई मात्र तयारीत होत्या. त्या आत गेल्या आणि फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं, प्लास्टिकमध्ये पक्कं केलेलं एक कात्रण घेऊन आल्या.

"हे तुमीच लिवलंय न्हवं?"

कात्रण आठ ओळींचं होतं. 'कासव हा शांत, दीर्घायुषी व शाकाहारी प्राणी आहे,' अशी सुरुवात होती. पुढे पालेभाजी, दुधी, काकडी यांची शिफारस होती. असल्या मजकुराला नाव छापत नाहीत. त्यामुळे हे कुणाचं, ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण दीड वर्षापूर्वी ते छापून आलं त्या सकाळी मीच पेपर घेऊन खाली गेलो होतो आणि बोट ठेवून "हे माझं" असं सांगितलं होतं. वर्षभर नगरपालिकेच्या सभा आणि तंबाखूचे दर लिहिणाऱ्या माणसाला एखादे दिवशी घरमालकिणीला काहीतरी दाखवावंसं वाटतं. त्यात गैर काही नव्हतं. परिणाम वाईट झाला.

इथं एक तांत्रिक खुलासा करणं भाग आहे. मी आठ ओळी लिहिल्या नव्हत्या, चौदा लिहिल्या होत्या. नववी ओळ 'मात्र' या शब्दानं सुरू होत होती आणि तिच्यात, पाण्यात राहणाऱ्या कासवांना, विशेषतः पिल्लांना, मासे-किडे लागतात, असं स्पष्ट म्हटलं होतं. आमचं पान संध्याकाळी सहाला बंद होतं. त्या दिवशी पावणेसहाला साड्यांच्या सेलची जाहिरात आली. जाहिरात आली की बातमी कापतात, आणि बातमी नेहमी खालून कापतात. म्हणून महत्त्वाचं ते वर लिहावं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी 'मात्र' नवव्या ओळीत ठेवलं. चूक कुणाची, यावर पुष्कळ बोलता येईल. पण हे सगळं न्हाणीघराच्या दारात, हातात मऊ कासव असलेल्या बाईंना सांगता येत नाही.

चंपाबाई त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचा नातू सन्मती बेंगळुरूला नोकरीला जाताना हे कासव मागं ठेवून गेला. 'मांस खाणारं जनावर घरात नको' म्हणून त्या ते दुकानदाराला परत करणार होत्या. त्याच आठवड्यात माझ्या आठ ओळी आल्या. शिवाय चंपाबाई जैन, आणि कासव हे मुनिसुव्रत भगवंतांचं, त्यांच्या विसाव्या तीर्थंकरांचं, लांछन. देवळातल्या मूर्तीच्या पायाशी कोरलेलं असतं ते चिन्ह. शाकाहारीही निघालं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. लांछनाला पाळीव नाव कसं ठेवायचं, म्हणून चंपाबाईंनी नाव ठेवलं नाही. त्या त्याला 'अहो' म्हणतात. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. माझ्या बायकोनं, माधवीनं, एकदा हिशेब केला होता की, चंपाबाईंचे यजमान गेल्यानंतर अकरा वर्षांनी या घरात हा शब्द पुन्हा ऐकू आला.

अहोंचा आहार घरातल्यांसारखाच होता. चपातीचा तुकडा, दुधी, भिजवलेल्या मुगाची डाळ. पाणी फडक्यातून गाळून. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वर्ज्य. अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, सूर्य मावळायच्या आत. अष्टमी-चतुर्दशीला उपवास. अहोंनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. टब न्हाणीघरात, कारण बाहेर घारी आणि मांजरं. थोडक्यात, दीड वर्ष त्यांनी ऊन पाहिलं नव्हतं आणि माझ्या आठ ओळींबाहेरचं काही खाल्लं नव्हतं.

आठ वाजेपर्यंत गल्ली जमली.

शेजारच्या गुणाबाईंचं निदान तयार होतं. "दिष्ट लागलीया. लई गुटगुटीत झालतं." मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. कासवानं मान आत घेतली. "बघितलासा? कसं लागलं ते!" गुणाबाई म्हणाल्या. कासव दिवसातून चाळीस वेळा मान आत घेतं, ही माहिती पुढं मांडायला मला वाव मिळाला नाही.

समोरचे पायगोंडा सर विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा लावून पाठ दाबली, मग पोटाची बाजू दाबली, मग पुन्हा पाठ. "कॅल्शियम कमी," ते म्हणाले. हे खरं निघालं. पण त्यांनी लगेच खिशातून पानाच्या चुन्याची डबी काढली आणि पाठीवर बोटभर चुना लावला. हे खरं निघालं नाही. तो धुवायला वीस मिनिटं लागली.

"सर, भिंत न्हवं ती," चंपाबाई म्हणाल्या.

"भिंत तरी कशानं उभी ऱ्हाती, आक्का?" सर म्हणाले आणि दुखावून घरी गेले. दुपारी परत आले.

सोमवारी सकाळी दहाला सर आणि मी एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. कुठल्या, ते लिहीत नाही. माणसं चांगली होती. कारकुनापुढच्या नोंदवहीत रकाने छापलेले होते : गाय, म्हैस, शेळी-मेंढी, कुत्रा, कोंबडी.

"जनावर कुठलं?"

"कासव."

"कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगा."

"कानच दिसत नाहीत," मी म्हणालो.

"कान असतात," सरांना राहवलं नाही. "पण आत असतात."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "आतल्या कानाला बिल्ला कसा मारायचा, सर?"

 बरीच चर्चा होऊन, अंडी घालण्याच्या मुद्द्यावर, कासवाची नोंद कोंबडीच्या रकान्यात झाली. संख्या एक. पुढचा रकाना लसीचा होता. "मानमोडीची लस टोचली का?" मी कासवाकडं पाहिलं. मान आत होती. 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहायला सांगितलं. वार्ताहराला ते वाक्य सोपं जातं.

तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र सरळ होत्या. त्यांनी कासव हातात घेतलं, उलट-सुलट केलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडं दिवसाला तीस म्हशी येतात. म्हशीचं विचारा, झोपेत सांगीन. ह्याचं मला कळत नाही. कोल्हापुरात एक जण असली जनावरं बघतात, त्यांच्याकडं जावा. उशीर करू नका."

ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज उच्चारलं नव्हतं. मी पत्ता लिहून घेतला.

मंगळवारी सकाळी मी कासवाला चपात्यांच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून, कोल्हापूरच्या बसमध्ये बसवलं. चंपाबाईंनी गाळलेल्या पाण्याची बाटली आणि दुधीच्या सहा फोडी दिल्या होत्या. "अंथऊच्या आत परत या. त्यांला भाईरचं काय देऊ नगासा," एवढं सांगून त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि डब्याकडं बघून कानडीत म्हणाल्या, "होगि बर्री." जाऊन या. कंडक्टरला वाटलं मला म्हणाल्या. मीही तसंच दाखवलं.

कोल्हापूरचे डॉक्टर तिशीतले होते. त्यांनी कासवाच्या डोळ्यांमागचा तांबडा पट्टा पाहून सांगितलं की हे परदेशी जातीचं आहे, आपल्या नदीतलं नव्हे. मग पाठ दाबली. मग जबडा दाबला. जबडाही किंचित दबला. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"काय खायला घालता?"

मी यादी सांगितली. त्यांनी लिहायचं थांबवलं. "चपाती?"

"तुपाशिवाय."

"हे अजून पिल्लू आहे हो. ह्याला लहान मासे, सुकट, गांडुळं लागतात. जोडीला पाला चालेल. वर कॅल्शियमची पूड, आणि रोज तासभर थेट ऊन, काचेआडून नाही. बसायला कोरडा दगड. नुसत्या दुधीवर हाडं आणि कवच विरघळत चाललंय. असंच चाललं तर महिनाभर. फार तर दोन."

"पूर्ण शाकाहारी काही...?"

"त्याला विचारा," डॉक्टर म्हणाले. "हे शाकाहारी असतं असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

"पेपरात आलं होतं."

"कुठला गाढव लिहितो असलं!"

"बघितलं पाहिजे," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. महिनाभर, फार तर दोन. कासव गेलं तर चंपाबाई पुन्हा एकट्या; आणि खरं सांगितलं तर मांस खाणारं जनावर घरातून गेलं, म्हणजे तरीही एकट्या. मी दोन्ही बातम्या मनात जुळवून बघितल्या. दोन्हींचा मथळा एकच येत होता.

पाच वाजता पोचलो. चंपाबाई कट्ट्यावर बसल्या होत्या.

"काय म्हणाले डाक्टर?"

"ऊन पाहिजे. रोज तासभर. कोरडा दगड पाहिजे. आणि कॅल्शियमची पूड दिलीय."

"आन् खायचं?"

इथं जे झालं ते जसं झालं तसं नोंदवतो. माझ्याकडं पूर्ण मजकूर होता. वेळही होता. जाहिरात आलेली नव्हती.

"पाला चालतो म्हणाले," मी सांगितलं आणि वर निघून गेलो. डॉक्टरांची बातमी मी खालून कापली होती.

बुधवारपासून अहो गच्चीवर ऊन खाऊ लागले. गच्चीत मधोमध कपड्यांची दोरी आहे. अलीकडं आमची बाजू, पलीकडं चंपाबाईंची. त्यांच्या बाजूला पाट्याचा जुना दगड, पाण्याची घमेली, आणि घारी येऊ नयेत म्हणून छत्री उघडून बसलेले पायगोंडा सर. सरांची छत्री अशी धरलेली असे की ऊन नेमकं सरांवर पडे आणि सावली कासवावर. मी तीनदा जागा बदलून दिली.

नऊ वाजता चंपाबाई बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जात आणि सर चहाला. तेव्हा मी खिशातून कागदाची पुडी काढत असे. पुडीत सुकट. बाजाराच्या अगदी टोकाच्या दुकानातून आणलेली, ओळखीचं कुणी नाही बघून. आम्ही मूळचे खानापूरकडचे, मासे खाणारे. पण चंपाबाईंनी घर दिलं तेव्हा एकच अट घातली होती : घरात अंडंसुद्धा शिजवायचं नाही. सतरा वर्षांत ती मोडली नव्हती. आता मी त्यांच्याच गच्चीवर, त्यांच्याच भगवंताच्या लांछनाला सुकट चारत होतो.

दीड वर्ष दुधीच्या फोडीकडं संथपणे येणारं ते कासव सुकटीवर असं तुटून पडलं, की माझं बोट थोडक्यात वाचलं.

"खिशाला वास येतोय," माधवी त्या दिवशी म्हणाली.

"कसला?"

"घर सोडायचं असेल तर सरळ सांगा. सामान बांधते. शर्टच्या खिशातून कशाला सांगताय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं शर्टाचा खिसा उलटा करून झटकला. मग म्हणाली, "अन् चंपाक्कांना?"

"योग्य वेळ बघून."

"तुमची योग्य वेळ संध्याकाळी सहाला बंद होते," ती म्हणाली आणि शर्ट भिजत घालायला गेली.

शनिवारी सकाळी जे व्हायला नको होतं ते झालं. चंपाबाईंनी दुधीची फोड पुढं केली. अहोंनी ती हुंगली आणि तोंड फिरवलं. मूग दिले. तोंड फिरवलं. पोट भरलेलं होतं. तीन दिवस कशानं भरत होतं ते मला माहीत होतं. चंपाबाईंना एवढंच दिसलं की आजारी जीवानं अन्न सोडलं.

त्या खाली आल्या, देवापुढं हात जोडले आणि नियम घेतला : अहो माझ्या हातचं खातील तेव्हाच मी जेवीन.

हे मला गुणाबाईंनी जिन्यात सांगितलं. "आक्का नियम मोडायच्या न्हाईत बरं का. मालक आजारी हुते तवा पाच दिस नुसत्या पाण्यावर हुत्या. आता वय काय, तब्येत काय!"

मी खाली गेलो. चंपाबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. "आक्का, कासव आहे. दोन दिवस न खाऊन त्याला काही होत नाही," मी म्हणालो.

"मला बी हुईत न्हाय," त्या म्हणाल्या.

मी सुकट बंद केली. कासवाला भूक लागायला वेळ लागतो. रविवार तसाच गेला. सोमवारी दुपारी चंपाबाई उठताना भिंतीला धरून उठल्या. मी दारात उभा होतो. तोंड उघडलं, आणि पाणी हवं का, एवढंच विचारलं. सतरा वर्षांत आमदारांना, साखर कारखान्याच्या चेअरमनना तोंडावर विचारलेलं आहे. हे तोंडावर सांगता आलं नाही. मग वर जाऊन मला येतं ते केलं. खुलासा लिहिला. या वेळी 'मात्र' पहिल्या ओळीत घेतलं.

पाच वाजता बेळगावला, आमचं पान लावणाऱ्या नागेंद्रला फोन केला.

"नागेंद्र, निपाणीचा एक खुलासा पाठवलाय. चौदा ओळी. एक ओळ कापायची नाही."

"कशाचा? कारखान्याचा?"

"कासवाचा."

पलीकडं आधी हसू. मग, "लेका, दीड वर्षांनी कासवाचा खुलासा? कासवानं नोटीस पाठवली का रं?"

"एक म्हातारी तीन दिवस उपाशी आहे."

"मग ती बातमी दे की. तिला फोटोसकट जागा मिळंल."

"नागेंद्र."

"बरं, बघतो. पण साडेपाचला श्रद्धांजलीची जाहिरात यायची हाय, आधीच सांगतो."

मंगळवारी सकाळी साडेसहाला पेपर आला. चंपाबाई रोजच्याप्रमाणे भिंग घेऊन कट्ट्यावर बसल्या. त्या पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचतात, निविदासुद्धा. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबलो. चौथ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, श्रद्धांजलीच्या चौकटीला लागून, तो होता. पाच ओळी. 'मात्र पाण्यात राहणाऱ्या कासवाच्या पिल्लांना मासे, सुकट असा आहार आवश्यक असतो. अन्यथा पाठ मऊ पडून ती दगावतात. यापूर्वीच्या मजकुरात ही माहिती नव्हती.' इथं पूर्णविराम. त्याखाली दिवंगताचा फोटो.

चंपाबाईंनी भिंग त्या ओळींवरून एकदा नेलं. परत एकदा नेलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "रविराज, हे पुरं हाय? का ह्याचं बी खालचं कापलंय?"

मी चार पायऱ्या उतरलो. कट्ट्यावर बसलो. आणि उरलेल्या नऊ ओळी तोंडी सांगितल्या : की चूक माझी होती, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं आणि मी अर्धंच सांगितलं, की बुधवार ते शुक्रवार मी गच्चीवर रोज सुकट चारली, की अहो आजारी पडून नव्हे, पोट भरून तोंड फिरवत होते. आणि घर सोडायला सांगितलं तर महिन्याची मुदत मिळावी. ही शेवटची ओळ मूळ मजकुरात नव्हती.

समोरच्या दारात पायगोंडा सर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी ती उघडली आणि मिटली.

"त्यांनी किती खाल्लं?" चंपाबाईंनी विचारलं.

"रोज चिमूटभर."

"आवडीनं?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "आवडीनं."

त्या बराच वेळ श्रद्धांजलीच्या फोटोकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बस्तीत महाराज हाईत, चातुर्मासाला. त्यांस्नी इचारती. खरं ते मौनात हाईत, गुरुवारपतोर."

"गुरुवारपर्यंत काय करायचं?"

त्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं, आत जाऊन ताटलीत दुधीची एक फोड घेतली आणि भिंतीला धरत जिना चढू लागल्या. मागून टबातलं कासव घेऊन सर, त्यांच्या मागून मी. माधवी दारात होती, तीही निघाली. गच्चीवर येऊन सरांनी कासव दगडावर ठेवलं; चंपाबाई दगडापाशी थांबल्या. ताटली माधवीच्या हातात दिली, खाली वाकल्या आणि तो पाट्याचा दगड कासवासकट दोन्ही हातांनी ढकलायला लागल्या. सर पुढं झाले तर त्यांना हातानं थांबवलं. दगड दोरीखालून गेला आणि आमच्या बाजूला, हातभर आत, थांबला.

"माझ्या बाजूला त्यो पुडा उघडायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूचं तुमी जाणा."

मग त्या दोरीच्या पलीकडं, स्वतःच्या बाजूला, जमिनीवर बसल्या. ताटली मागून घेतली. दोरीखालून हात लांब केला आणि दुधीची फोड कासवापुढं धरली.

"अहो," त्या म्हणाल्या. "जेवा की."

हे लिहीत असताना मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत. चंपाबाईंच्या उपवासाचा हा चौथा दिवस. पायगोंडा सरांची छत्री या वेळी बरोबर धरलेली आहे. कासवानं मान पूर्ण बाहेर काढली असून ती फोडीपासून दोन बोटांवर आहे. तोंड अद्याप उघडलेलं नाही.